ओल एकाच्या छताला, भुर्दंड कोणाला?

पावसाळा सुरू होऊन पंधरवडा उलटला की शहरांतील गृहनिर्माण संस्थांच्या कार्यालयांत एकाच आशयाचे अर्ज येऊ लागतात. छतावर आधी चहाच्या डागासारखा पिवळसर ठसा उमटतो, मग रंगाचे पापुद्रे सुटतात आणि अखेरीस गिलाव्याचे पोपडे खाली पडू लागतात. ज्याच्या घरी हे घडते तो वरच्या मजल्यावर जाऊन दार ठोठावतो. वरचा म्हणतो, 'आमच्या घरात तर कुठेच ओल नाही, सोसायटीला सांगा.' सोसायटीचे सचिव म्हणतात, 'हा तुमचा आपापसातला मामला आहे.' या तिघांच्या वादात एक पावसाळा सरतो, दुसरा येतो आणि पाणी आपले काम शांतपणे करीत राहते.

मुंबई आणि कोकणपट्टीत चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तेथे गळती ही अपवादात्मक घटना मानता येणार नाही. तरीही तिच्या खर्चाची वाटणी कशी व्हावी, याविषयी सभासदांच्या मनात मोठा संभ्रम असतो. 'निम्मा वरच्याचा, निम्मा खालच्याचा' असा एक तोंडी संकेत सर्वत्र प्रचलित आहे. 'गच्चीचा त्रास शेवटच्या मजल्याला, तेव्हा खर्चही त्यांचाच' असे म्हणणारेही कमी नाहीत. प्रत्यक्षात कायदा आणि उपविधी यांनी या प्रश्नाचे बरेचसे उत्तर दिलेले आहे. त्याचे सूत्र एका वाक्यात सांगायचे, तर पाणी जेथे टपकते त्या जागेवरून खर्चाची जबाबदारी ठरत नाही. पाणी जेथून निघते त्या जागेवरून ती ठरते.

डाग एकीकडे, उगम दुसरीकडे

पाणी सरळ खाली येते असा समज चुकीचा आहे. स्लॅबमधून विजेच्या तारांसाठी टाकलेल्या नळ्या, तुळईच्या कडा, भिंत आणि काँक्रीट यांच्यातील सूक्ष्म भेगा यांतून ते आडवे प्रवास करते. गच्चीवरील भेगेतून शिरलेले पाणी दोन खोल्या ओलांडून दिव्याच्या होल्डरमधून टपकू शकते. त्यामुळे दिवाणखान्याच्या छतावर डाग आहे म्हणजे वरच्या दिवाणखान्यातच दोष आहे, असे धरून चालणे धोक्याचे ठरते.

उगम शोधण्याची पहिली पायरी मात्र सोपी असून तिला पैसे लागत नाहीत. ओल कोणत्या वेळी वाढते याची आठ-दहा दिवसांची नोंद ठेवावी. पाऊस पडल्यावर काही तासांनी ओल वाढत असेल आणि उन्हाळ्यात ती पूर्ण सुकत असेल, तर संशय गच्ची, बाहेरील भिंत किंवा खिडकीवरील छज्जा यांच्याकडे जातो. वर्षभर, दिवसरात्र सारख्याच वेगाने पाणी झिरपत असेल, तर दाब असलेली पाणीपुरवठ्याची नळी फुटलेली असण्याची शक्यता अधिक. वरच्या घरातील मुख्य व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवून थेंब थांबतात का, हे पाहिले की त्याची खात्री पटते. आणि वरच्यांच्या आंघोळी, धुणीभांडी झाल्यावरच पाणी येत असेल, तर मोरीचा निचरा, नहाणी ट्रॅप किंवा फरशीखालचे वॉटरप्रूफिंग यांत बिघाड असतो.

शौचालय आणि न्हाणीघर यांच्या खाली स्लॅबचा जो खोलगट भाग ठेवलेला असतो, त्याला बांधकामाच्या भाषेत 'संकन स्लॅब' म्हणतात. या खोलगटात निचऱ्याच्या नळ्या असतात आणि त्यावर विटांचे तुकडे व सिमेंटचा भराव घातलेला असतो. फरशांच्या सांध्यांतून मुरलेले पाणी या भरावात महिनोन्महिने साठून राहते. म्हणूनच वरच्या मजल्यावरील फरशी कोरडी ठणठणीत दिसत असतानाही खालचे छत ठिबकू शकते. वरचा सभासद 'आमच्याकडे ओल नाही' असे म्हणतो, तेव्हा तो बहुधा खोटे बोलत नसतो.

याच्या पुढची तपासणी तज्ज्ञाने करावयाची असते. न्हाणीघरात किंवा गच्चीवर बांध घालून पाणी साठवून ठेवणे, निचऱ्यात रंगीत पाणी सोडणे, आर्द्रतामापक यंत्र किंवा उष्णताचित्र घेणारा कॅमेरा वापरणे अशा पद्धती आज उपलब्ध आहेत. या तपासणीचा लेखी अहवाल हाती आल्याशिवाय खर्चाची चर्चा सुरू करणे म्हणजे निदान होण्यापूर्वी औषधाच्या बिलावरून भांडण्यासारखे आहे.

एका गळतीचे तीन खर्च

बहुतेक वाद चिघळतात ते तीन निरनिराळे खर्च एकत्र मोजल्यामुळे. पहिला खर्च उगमाच्या दुरुस्तीचा असतो. फुटलेली नळी बदलणे, ट्रॅप नवा बसवणे, गच्चीचे वॉटरप्रूफिंग करणे ही कामे त्यात येतात. दुसरा खर्च पाण्याने खराब झालेले छत, गिलावा व रंग पूर्ववत करण्याचा. तिसरा खर्च कपाटे, गाद्या, पुस्तके, विजेची उपकरणे अशा घरातील वस्तूंच्या नुकसानीचा. उपविधी पहिल्या खर्चाबाबत बऱ्यापैकी स्पष्ट आहेत, दुसऱ्याबाबत काही ठिकाणी बोलतात आणि तिसऱ्याबाबत जवळजवळ मौन पाळतात. तिसऱ्या खर्चासाठी कोणाचा तरी निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. हे तीन आकडे वेगवेगळ्या कागदांवर मांडले, तरी निम्मे भांडण मिटते.

संस्थेच्या वाट्याला काय येते?

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू होतो. २०१९ मध्ये या कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी कलम १५४ब पासून सुरू होणारे स्वतंत्र प्रकरण समाविष्ट करण्यात आले. संस्थेचा दैनंदिन कारभार मात्र उपविधींनुसार चालतो. बहुसंख्य संस्थांनी शासनाचे आदर्श उपविधी स्वीकारलेले असून, त्यांत संस्थेने स्वखर्चाने करावयाच्या दुरुस्त्यांची यादीच दिलेली आहे. अंतर्गत रस्ते, कुंपणाची भिंत, पंप, पाण्याच्या टाक्या, जिने आणि उद्वाहन यांच्याबरोबरच पाण्याशी निगडित बाबी त्यात ठळकपणे येतात. इमारतीबाहेरील पाण्याच्या नळ्या, सांडपाण्याच्या व मलनिःसारणाच्या सामाईक वाहिन्या, गच्ची व तिचा कठडा, सर्व सदनिकांच्या छतांची संरचनात्मक दुरुस्ती, बाहेरील भिंती, तसेच पावसामुळे किंवा सामाईक वाहिन्यांमुळे होणारी गळती ही सारी संस्थेची जबाबदारी आहे.

या यादीतील एक तरतूद शेवटच्या मजल्यावरील रहिवाशांनी विशेष लक्षात ठेवावी. गच्चीतून झिरपलेल्या पावसाच्या पाण्यामुळे वरच्या मजल्यावरील सदनिकेचे छत आणि त्यावरील गिलावा खराब झाला, तर त्याची दुरुस्तीही संस्थेनेच करावयाची आहे. म्हणजे गच्चीच्या बाबतीत पहिला आणि दुसरा असे दोन्ही खर्च संस्थेकडे जातात.

तळमजल्यावरील सभासदाला यात अन्याय वाटतो. गच्ची त्याच्या डोक्यावर नाही, मग त्याने वर्गणी का द्यावी, असा त्याचा प्रश्न असतो. परंतु गच्ची ही शेवटच्या मजल्याची मालमत्ता नसून साऱ्या इमारतीचे छप्पर आहे. तेथून मुरणारे पाणी खांब आणि तुळयांतील सळयांपर्यंत पोहोचले, की धोका मजले पाहत नाही. शिवाय याच न्यायाने तळमजल्याखालची पाण्याची टाकी किंवा तुंबलेला गटार-चेंबर दुरुस्त करताना सातव्या मजल्यावरील सभासदही आपला वाटा देतोच.

सभासदाच्या वाट्याला काय येते?

संस्थेच्या यादीत जे नाही, ते सभासदाचे, असे उपविधींचे साधे गणित आहे. सदनिकेतील अंतर्गत नळजोड, न्हाणीघराची फरशी, शौचालयाचे भांडे, स्वयंपाकघरातील सिंक आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्या यांची देखभाल ज्याची त्याने करावयाची. शौचालय, सिंक इत्यादींमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च 'संबंधित सदनिकाधारकांनी' करावा, असा उपविधींचा रोख आहे.

हा 'संबंधित' शब्दच वादाचे मूळ ठरला आहे. वरचा आणि खालचा असे दोघेही संबंधितच, असा अर्थ लावून अनेक संस्थांनी निम्म्या-निम्म्याची प्रथा पाडली. दोन शेजाऱ्यांनी खुशीने असा समझोता केला तर त्यात गैर काही नाही. उगम नेमका सांगता येत नसेल, तर तो व्यवहार्य तोडगाही ठरतो. परंतु तज्ज्ञाच्या अहवालात वरच्या न्हाणीघरातील ट्रॅप फुटल्याचे स्पष्ट झाल्यावर खालच्या रहिवाशाकडून निम्मी रक्कम मागणे हा न्याय नव्हे. ज्याच्या ताब्यात ती नळी आहे, जो ती वापरतो आणि जो ती दुरुस्त करू शकतो, त्याच्याकडेच तिची जबाबदारी राहते. खालच्या माणसाला वरच्या फरशीला हात लावण्याचाही अधिकार नसतो.

या ठिकाणी संस्थेला 'हे तुमचे तुम्ही पाहा' म्हणून अंग काढून घेता येत नाही. पूर्वसूचना देऊन सदनिकेची पाहणी करण्याचा आणि आवश्यक दुरुस्त्यांची नोटीस देण्याचा अधिकार उपविधींनी व्यवस्थापक समितीला दिलेला आहे. दोन सभासदांमध्ये अविश्वास निर्माण झालेला असताना तज्ज्ञाची नेमणूक तटस्थपणे करू शकेल अशी यंत्रणा संस्थेखेरीज दुसरी नसते.

सीमारेषेवरील प्रकरणे

नियम स्पष्ट असले तरी काही प्रकरणे सीमारेषेवर असतात. सदनिकेला जोडून असलेली खासगी गच्ची हे त्याचे नेहमीचे उदाहरण. ती वापरतो एकजण, पण ती छप्पर असते दुसऱ्याचे. मूळ बांधकामातील वॉटरप्रूफिंग वयोमानाने निकामी झाले असेल, तर ती छताची दुरुस्ती आहे असा संस्थेविरुद्धचा दावा बळकट ठरतो. मात्र वापरणाऱ्याने तेथे नवी फरशी बसवली असेल, मातीचे वाफे केले असतील किंवा शेड उभारण्यासाठी खिळे ठोकले असतील, तर जबाबदारी त्याच्याकडे झुकते. अशा वेळी मूळ विक्री करारात त्या गच्चीचे वर्णन काय आहे, हे प्रथम वाचावे.

नूतनीकरण हे गळतीचे आणखी एक मोठे कारण आहे. जुन्या फरशा फोडताना खालचे वॉटरप्रूफिंग भंगते, न्हाणीघराची जागा बदलताना निचऱ्याचा उतार बिघडतो, बाल्कनीत नळ घेतला जातो. सदनिकेत फेरबदल करण्यापूर्वी समितीची परवानगी घेणे उपविधींनुसार बंधनकारक आहे. परवानगी न घेता केलेल्या कामानंतर गळती सुरू झाली, तर त्या सभासदाला आपली बाजू मांडणे जड जाते. वातानुकूलन यंत्राच्या नळीसाठी बाहेरील भिंतीला पाडलेले भोक, टाटा प्ले वा तत्सम डिश अँटेना बसवण्यासाठी गच्चीत मारलेले बोल्ट यांनाही हाच न्याय लागू होतो. भिंत संस्थेची, पण भोक ज्याचे त्याचे.

घर भाड्याने दिलेले असेल, तरी संस्थेच्या दृष्टीने उत्तर द्यावयाचे ते मालकानेच. भाडेकरू आणि मालक यांच्यातील हिशोब त्यांच्या करारानुसार होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. तो टाळाटाळ करीत असेल, तर किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूला स्वतः दुरुस्ती करून घेता येते व तो खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र एका वर्षात अशी वजावट वार्षिक भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असू शकत नाही.

पुण्यासह काही शहरांत अनेक इमारती सहकारी संस्था नसून 'अपार्टमेंट' पद्धतीच्या आहेत. त्यांना महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० लागू होतो. तेथे आधार शोधावयाचा तो नोंदणीकृत घोषणापत्रात आणि त्यासोबतच्या उपविधींत. पाया, खांब, मुख्य भिंती, छप्पर हे सामाईक क्षेत्र असल्याचे तत्त्व मात्र तेथेही कायम आहे.

इमारत नवी असेल तर

ताबा मिळून फार काळ झाला नसेल, तर संस्था आणि सभासद या दोघांनीही खिशात हात घालण्यापूर्वी बिल्डरकडे वळावे. महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका अधिनियम, १९६३ म्हणजे 'मोफा' कायद्यात ताबा दिल्यापासून तीन वर्षांत आढळलेले दोष विकासकाने विनामूल्य दूर करण्याची तरतूद आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजेच 'रेरा'ने, ही मुदत वाढवली. त्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेत, कामाच्या दर्जात किंवा सेवांमध्ये दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांत, कोणताही आकार न घेता दुरुस्त करावयाचा असतो. तसे न केल्यास भरपाई मागता येते.

दुर्दैवाने अनेक संस्था या पाच वर्षांत केवळ तोंडी तक्रारी करीत राहतात. बिल्डरचा माणूस येऊन भेगांत सिमेंट भरून जातो, पुढच्या पावसात पाणी पुन्हा येते आणि मुदत संपते. म्हणून ताबा घेतल्यानंतरच्या प्रत्येक पावसाळ्यात सर्व सदनिकांची पाहणी करून दोषांची एकत्रित यादी पोहोच घेऊन विकासकाला देणे, हे नव्या समितीचे पहिले काम असले पाहिजे.

भरपाईचा प्रश्न आणि शंभर वर्षांपूर्वीचा निकाल

छत दुरुस्त झाले, पण भिजलेल्या कपाटाचे काय? हा तिसऱ्या खर्चाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर नुकसानभरपाईच्या सर्वसाधारण कायद्यात शोधावे लागते.

याबाबत ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलेला आणि १९१३ मध्ये निकाली निघालेला 'रिकर्ड्स विरुद्ध लोथियन' हा खटला उद्बोधक आहे. भारतातील खटल्यांची अखेरची अपिलेही त्या काळी याच न्यायपीठापुढे जात असत. एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावरील वॉशबेसिनचा नळ कोणा अज्ञात व्यक्तीने मुद्दाम सोडून निचऱ्याची वाट बुजवली. पाणी वाहून दुसऱ्या मजल्यावरील भाडेकरूचा माल खराब झाला. इमारतीत पाणी खेळवणे हा जागेचा नेहमीचा आणि आवश्यक वापर आहे. केवळ पाणी खाली गेले म्हणून इमारतीचा ताबा असणारा आपोआप दोषी ठरत नाही, त्याचा हलगर्जीपणा दिसला पाहिजे, असे न्यायपीठाने म्हटले आणि भरपाई नाकारली.

या तत्त्वाची दुसरी बाजू आजच्या सोसायट्यांसाठी अधिक महत्त्वाची आहे. भिंतीआड दडलेली नळी अचानक फुटली, तर पहिल्या दिवशीचे नुकसान हा अपघात म्हणता येईल. परंतु खालच्या रहिवाशाने लेखी कळवल्यानंतर, तज्ज्ञाने दोष दाखवून दिल्यानंतरही वरचा सभासद सहा महिने दुरुस्ती करीत नसेल, तर त्यानंतरचे नुकसान अपघात राहत नाही, तो हलगर्जीपणा होतो. संस्थेने गच्चीची तक्रार दोन पावसाळे टाळली, तर तिलाही हेच लागू पडते. म्हणूनच तारीख असलेले एक साधे पत्र आणि त्याची पोहोच हा गळतीच्या प्रकरणातील सर्वांत मौल्यवान कागद असतो. त्याला तारखेसह काढलेली छायाचित्रे, नुकसान झालेल्या वस्तूंची यादी आणि दुरुस्तीची बिले जोडली, की भरपाईच्या मागणीला आकार येतो.

विमा किती उपयोगी?

१ एप्रिल २०२१ पासून देशात 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित घरविमा पॉलिसी उपलब्ध आहे. वादळ, पूर यांबरोबरच पाण्याच्या टाक्या, नळ्या वा उपकरणे फुटून किंवा ओसंडून झालेले नुकसान तिच्यात समाविष्ट आहे. मात्र फुटणे, ओसंडणे ही घटना आहे. वर्षानुवर्षे हळूहळू झिरपणे ही घटना नव्हे. छतातील जुनाट ओल, झिजलेले वॉटरप्रूफिंग यांचा खर्च विम्यातून निघेल, या भ्रमात राहू नये. तसेच ही पॉलिसी विमेदाराच्या स्वतःच्या मालमत्तेसाठी असते. आपल्या घरातील पाण्याने खालच्याचे नुकसान झाले, तर ते देण्यासाठी नसते.

पैसा कोठून उभा राहतो?

'संस्थेने खर्च करावा' हे म्हणणे सोपे असते. पण संस्थेचा पैसा म्हणजे अखेर सभासदांचाच पैसा. आदर्श उपविधींनी त्यासाठी दुरुस्ती व देखभाल निधीकरिता सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के वर्गणी घ्यावी, असे सांगितले आहे. समजा, एखाद्या सदनिकेचा बांधकाम खर्च १५ लाख रुपये धरला, तर वर्षाला अनुक्रमे ११,२५० आणि ३,७५० रुपये, म्हणजे दरमहा एकूण १,२५० रुपये होतात. मोठ्या दुरुस्तीसाठी सर्वसाधारण सभेच्या निर्णयाने क्षेत्रफळाच्या प्रमाणात स्वतंत्र निधी गोळा करता येतो.

प्रत्यक्षात मासिक आकार कमी ठेवणारी समिती लोकप्रिय होते आणि या निधींची वर्गणी नाममात्र राहते. मग गच्ची गळू लागली, की एकदम मोठ्या रकमेची मागणी येते. निवृत्त सभासदाला ती झेपत नाही, दोन-चारजण नकार देतात, काम रखडते आणि त्याची किंमत शेवटच्या मजल्यावरचे कुटुंब प्लास्टिकचे टब मांडून मोजत राहते. स्वस्तातल्या मासिक आकाराचे हे छुपे देणे असते.

दाद कोठे मागावी?

पहिले पाऊल व्यवस्थापक समितीकडे लेखी अर्जाचे. तेथे दखल घेतली गेली नाही, तर विषय सर्वसाधारण सभेपुढे न्यावा. तरीही मार्ग निघत नसेल, तर आदर्श उपविधींनी दुरुस्ती, अंतर्गत दुरुस्ती व गळती यांसंबंधीचे वाद सहकार न्यायालयाच्या कक्षेत ठेवले आहेत. कायद्याच्या कलम ९१ खाली तेथे दावा दाखल करता येतो व तातडीची गरज असल्यास अंतरिम आदेशही मागता येतो. उपनिबंधकांकडे केलेल्या अर्जाने संस्थेला कर्तव्याची जाणीव करून देता येते, मात्र पुराव्यांची छाननी करून भरपाईची रक्कम ठरवणे हे न्यायालयाचे काम आहे. संस्था सेवेसाठी आकार घेऊन ती देत नसेल, तर ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो. तेथे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मर्यादा आहे. इमारतीच्या मजबुतीलाच धोका दिसत असेल किंवा अनधिकृत बांधकामामुळे गळती होत असेल, तर महापालिकेच्या विभाग कार्यालयाकडे जावे.

एक चूक मात्र कटाक्षाने टाळावी. गळती थांबत नाही म्हणून मासिक देखभाल आकारच न भरण्याचा पवित्रा अनेकजण घेतात. त्यामुळे तक्रारदार स्वतःच थकबाकीदार ठरतो. संस्थेला कलम १५४ब-२९ खाली वसुलीची कारवाई करण्याची संधी मिळते आणि मूळ तक्रार बाजूला पडते. आकार भरत राहून, आवश्यक तर 'हक्क अबाधित ठेवून' असे लिहून, दाद मागणे शहाणपणाचे.

विलंबाचे बिल

गळतीचा खरा धोका छतावरील डागात नसतो. काँक्रीटमध्ये मुरलेले पाणी लोखंडी सळयांपर्यंत पोहोचले की त्या गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्या दाबाने आतून काँक्रीट फुटते, भेगा रुंदावतात आणि आणखी पाणी आत शिरते. जी दुरुस्ती एका ट्रॅपच्या आणि दोन दिवसांच्या मजुरीच्या खर्चात झाली असती, ती काही वर्षांनी स्लॅबला टेकू देण्यापर्यंत जाते. म्हणूनच १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतींची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करावी, असे आदर्श उपविधी सांगतात. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब नुसार स्थैर्याचे प्रमाणपत्र सादर करणे बंधनकारक आहे.

यासाठी एक साधी शिस्त संस्थांना घालून घेता येईल. तक्रार आली की ठरावीक दिवसांत तज्ज्ञाची पाहणी व्हावी, तिचे शुल्क प्रथम संस्थेने भरावे आणि अहवालात ज्याची जबाबदारी निश्चित होईल, त्याच्याकडून ते वसूल करावे. पाणी थांबवण्याचे काम आधी व्हावे, हिशोब नंतर करावा. कोणी किती द्यायचे हे ठरेपर्यंत नळी गळतच ठेवण्यात कोणाचाच फायदा नसतो. सर्वसाधारण सभेने असा एक ठराव उन्हाळ्यातच संमत करून ठेवला, तर पावसाळ्यात तो दोन शेजाऱ्यांना एकमेकांच्या दारात आवाज चढवण्यापासून वाचवील. भिंत आणि छत सामाईक असलेल्या घरांत राहणाऱ्यांना कोरडेपणाही एकमेकांच्या भरवशावरच मिळत असतो.